मार्गदर्शक आणि शुभेच्छुक

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. आमच्या विचुंब्यात बळीरामकाकाची कुठलीच गोष्ट कुणी खरी धरत नाही. गाढी नदीच्या पुरात एक मगर माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात येऊन राहिली आणि पाणी ओसरल्यावरही जायला तयार होईना, हेसुद्धा लोकांना पटलं नव्हतं. पण काळूराम भोईरची गोष्ट त्या मगरीपेक्षा खरी आहे.

परवा संध्याकाळी कमळाबाईंच्या चहाच्या टपरीवर ती निघाली. समोर कुणाच्या तरी लेकाच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधत होते. बाळ काळा चष्मा लावून सिंहासनावर बसलेलं आणि खाली शुभेच्छुकांची एवढी तोंडं, की बिचाऱ्याला दृष्ट लागावी. आमच्याकडे नव्या इमारतीत मिथुन नावाचा एक तरुण नुकताच राहायला आलाय. तो ते बघून हसला आणि म्हणाला, काका, प्रत्येक गोष्टीचा फ्लेक्स कशाला लागतो तुम्हाला? बाकावर कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा नियाज बसला होता, त्यानं माझ्याकडे बघितलं. पलीकडे गाडीला टेकून, उभ्यानंच चहा पिणारे एक साहेब होते. खिशाला पेन नाही, पेन्सिल. ते रोजच असतात. कामावरून येताना नवीन पनवेलचा जवळचा रस्ता सोडून ते सुकापूरकडून वळसा घालून येतात. का, ते गावात कुणी विचारत नाही. मी विषय काढला तसा त्यांचा कप ओठांशी जाता जाता थांबला. पण एकदा माझं तोंड उघडलं की ते मिटणं माझ्या हातात नसतं.

तर, काळूराम यार्डात लागला तेव्हा त्याच्या हातात खडू होता. बंदरातून आलेले कंटेनर यार्डात एकावर एक रचून ठेवतात, आणि कुठला कुठे ठेवला त्याची खूण करत उन्हातून फिरणं हे त्याचं काम. यार्डाच्या मॅनेजर विनिता मॅडम, राहणार नवीन पनवेल. सगळा पुरुषांचा कारभार, ट्रकवाल्यांच्या तोंडी सकाळपासून शिव्या, आणि त्यातून ही बाई निळी छत्री घेऊन फिरायची. तिला बघितलं की ट्रकवाले शिवी अर्ध्यावर गिळायचे. गिळून गिळून एका ड्रायव्हरला कायमचं अपचन जडलं, तो अजून ताकावर आहे.

या मॅडमनी काळूरामला हाताशी धरलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून कॉम्प्युटर शिकवला. त्याची बोटं इतकी जाड, की एक बटण दाबलं की शेजारची दोन पण दबायची. मॅडमनी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि तिच्या मागच्या टोकानं टाइप करायला लावलं. ईमेलची सुरुवात कशी करायची, साहेब समोर आला तर काय म्हणायचं, कुणी अभिनंदन केलं तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन न उकरता काय बोलायचं, सगळं शिकवलं. मॅडमना दुसरीकडून बोलावणी यायची, मोठ्या पगाराची. त्या गेल्या नाहीत. यार्ड आपण उभं केलंय, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

मग बेलापूरच्या मुख्य ऑफिसातून करिअर डेव्हलपमेंटचं वारं सुटलं. अविनाश साहेब नावाचे वरचे अधिकारी आले, मंडप घातला, सगळ्यांना समोसे दिले आणि कमिटमेंट म्हणजे काय त्यावर भाषण केलं. शेवटी प्रत्येकाला विचारलं, पुढच्या काही वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे बघता? कुणी म्हणालं दुबईत, कुणी म्हणालं स्वतःच्या ट्रकमध्ये. काळूरामनं दोन कंटेनरांच्या मधल्या बोळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ह्या इथंच." साहेबांचे डोळे भरून आले. अशी निष्ठा त्यांनी बघितली नव्हती. खरं म्हणजे तिथं सावली होती.

आठवड्याभरात मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझरच्या जागेसाठी तुमचं नाव मी वर पाठवलंय, म्हणाल्या, पण मंजुरी येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, साहेबांना गाजावाजा खपत नाही. काळूरामनं एकवीरा आईची शपथ घेतली. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. मोनालीनंही कुणाला सांगितलं नाही, फक्त भावाला सांगितलं. आणि भाऊ भावेश, त्याचा धंदा फ्लेक्सचा.

इथं मिथुनला मध्येच थांबवून मला आमच्या गावचा नियम सांगावा लागला. विचुंब्यात फ्लेक्स लागत नाही तोवर गोष्ट घडलेली नसते, आणि लागला की ती घडलेलीच असते. एका म्हाताऱ्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स चुकून तो जिवंत असतानाच लागला, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी रामराम घालेना. बिचारा स्वतःच्या तेराव्याला जेवून आला.

"चाचा, म्हातारा आजारी होता, एवढंच," नियाज म्हणाला.

"जेवला की नाही?"

"जेवला," नियाजनं कबूल केलं.

भावेशनं ठरवलं, भावोजींना चकित करायचं. काळूरामचा चेहरा त्यानं कुणाच्या तरी कोटावर बसवला, हातात मोबाईल दिला, मागे आगबोट टाकली. मग मजकुराशी आल्यावर अडला. 'सुपरवायझरपदी निवड झाल्याबद्दल' एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर शोभेना. बहिणीला म्हणाला, "एवढा खर्च करून खाली सुपरवायझर लिवायचा? हलदीला बोलवून पेज वाढल्यासारका दिसतं." आणि त्यानं 'मॅनेजरपदी' केलं.

मोनालीला शंका आली. मॅनेजर तर त्या मॅडम हायेत, ती म्हणाली.

"मंग त्यांना सोडलंय का मी?" भावेश म्हणाला. "त्या पन हायेत."

आणि त्या होत्या. फेसबुकवरून त्यांचा दिवाळीच्या शुभेच्छांचा फोटो उचलून, हात जोडलेल्या मॅडम त्यानं उजव्या कोपऱ्यात चांगल्या ठळक लावल्या होत्या. वर सोनेरी अक्षरांत: मार्गदर्शक आणि शुभेच्छुक. भावेशच्या मनात मान देण्यापलीकडे काहीही नव्हतं. त्याच्या हातून आजवर जी काही वाटोळी झाली ती सगळी मान देण्यातूनच झाली आहेत.

फ्लेक्स लावायचा कुठे, तर यार्डाच्या वळणावर, जिथं साहेब लोकांना दिसेल. आता तो फ्लेक्स एवढा मोठा होता, की गुंडाळून नेताना त्याचं एक टोक विचुंब्यात होतं आणि दुसरं पनवेलच्या पुलावर चढलं होतं.

"दहा बाय पंधराचा होता," नियाज म्हणाला.

"तू क्रेनवर बसला होतास. वरून सगळं लहानच दिसतं."

कारण तो उभा केला नियाजनंच, आणि कंपनीच्या क्रेननं. त्याची यात चूक नाही. भावेश सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी फ्लेक्स घेऊन आला. नियाजनं मॅडमचा हात जोडलेला फोटो बघितला आणि समजला, हे ऑफिसकडूनच आहे. दोस्ताचं भलं झालं म्हणून त्यानं अल्लाचे आभार मानले आणि क्रेनचा दांडा वर केला.

सकाळी मॅडम स्कूटीवरून आल्या. वळणावर थांबल्या. समोर त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्याची निवड झालेली, कंपनीच्या क्रेनच्या साखळ्या अजून फ्लेक्सच्या चौकटीला लोंबकळत असलेल्या, आणि कोपऱ्यात त्या स्वतःच हात जोडून उभ्या. त्यांना वाटलं, हा आपला निरोप समारंभ आहे आणि तेवढं आपल्यालाच कळवायचं राहिलंय. स्कूटी बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. पेट्रोल संपलं तेव्हा ती आपोआप गप्प झाली.

पाठोपाठ अविनाश साहेबांची गाडी आली. त्यांनीही वाचलं. त्यांच्या मनात दुसरंच आलं. विनिता मॅडम चालल्या. आपल्या जागी माणूस नेमून, त्याला हात जोडून शुभेच्छा देऊन चालल्या, आणि रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला माहीत आहे ते मला माहीत नाही. काळूरामची शिफारस त्यांनीच केलेली. मागच्या महिन्यात त्यांनी पुण्याला जायला रजा घेतली होती, तीही साहेबांना आठवली. मॅडम भाचीच्या बारशाला गेल्या होत्या, पण ते आता कोण सांगणार?

दोघं केबिनमध्ये समोरासमोर बसले. चहा आला.

"बाहेर बघितलं मी," साहेब म्हणाले.

"मीही बघितलं," मॅडम म्हणाल्या.

"आधी कानावर घातलं असतं तर बरं झालं असतं."

"मलाही तेच वाटलं, सर."

एवढंच. मग दोघंही चहावरची साय बघत बसले. शिकलेली माणसं अशीच सभ्यपणे एकमेकांचा गळा कापतात. आमच्या गावातली दोन माणसं असती तर पहिल्याच वाक्याला गचांडी धरून खरं काय ते बाहेर काढलं असतं, आणि मग जेवायलाही एकत्र बसली असती.

काळूराम आला तो कंपनीच्या बसनं. खिडकीतून त्याला आधी आगबोट दिसली, मग कोट, मग कोटावर आपलंच डोकं. आणि खाली 'मॅनेजरपदी'. उतरताच भावेशला फोन लावला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता येऊन हे खाली घे. भावेश दुखावला. म्हणाला, "भावोजी, लावलेला फ्लेक्स असा मधेच उतरवत नाय. लोक काय समजतील? एकतर मानूस मेला, नायतर पडला." शिवाय काळूरामच्या आईनं, जनीमावशीनं, गावभर पेढे वाटून झाले होते. ज्यांना साखरेचा त्रास त्यांनाही तिनं उभं राहून खायला लावले.

तरी तो निघाला होता सांगायला, हे मला त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. पण वाटेत लोक भेटत गेले. वॉचमननं सलाम ठोकला. ट्रकमालक हार घेऊन आले, माल सोडवणारे एजंट फुलांचे गुच्छ घेऊन आले. रोज काचेच्या ग्लासात चहा देणाऱ्यानं कपबशी आणली. दुपारपर्यंत गळ्यात एवढे हार झाले, की नुसते डोळे दिसत होते, आणि एका नव्या ड्रायव्हरनं तर पुढ्यात नारळ ठेवून नमस्कार केला. आयुष्यभर जो माणूस उन्हात खडू घेऊन फिरला, त्याला एक दिवस लोकांनी खुर्ची पुढे केली तर तो बसतोच हो थोडा वेळ. टेकतो तरी.

शेवटी त्यानं हार काढले, तोंडावर पाणी मारलं आणि केबिनच्या दारात गेला. वाक्य पाठ केलेलं होतं. 'मॅडम, हे चुकून झालंय, माझ्या मेव्हण्यानं केलंय, तुमी साहेबांशी बोला.' साधं, सरळ वाक्य. पहिला शब्द जिभेवर आलेला.

मॅडम ड्रॉवर रिकामा करत होत्या. त्याला बघून उठल्या. डोळे लाल, पण हसल्या, आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, भोईर," त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत मी शिकवलेलाच माणूस बसतोय. मग ठीक आहे."

आणि त्यांनीच शिकवलेलं त्याच्या तोंडून आधी बाहेर पडलं. मान वर ठेवून, पायाचा अंगठा न हलवता.

"थँक्यू, मॅडम."

झालं. पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं, आणि त्यावर दुसरं काही बोलायला जागाच उरली नाही. मॅडमनी छत्री उचलली. संध्याकाळी राजीनामा दिला. साहेबांनी तो न वाचताच घेतला, कारण त्यांच्या मते त्यांनी तो सकाळीच रस्त्यावर वाचला होता. आता जागा रिकामी झाली, तर तिथं कोण? सगळ्या गिऱ्हाइकांनी ज्याला हार घातले त्याला सोडून दुसरा आणायचा तर आणखी एक फ्लेक्स लावावा लागला असता. काळूराम मॅनेजर झाला. विचुंबेकरांनी आधी लावलेला आणि नंतर अक्षरशः खरा झालेला हा पहिला फ्लेक्स. भावेशचा धंदा असा वाढला, की लोक दहावी नापास पोरांचे 'कलेक्टरपदी निवड' करून न्यायला लागले.

पण काळूरामला ती खुर्ची काही सोसेना. कितीतरी दिवस तो तिच्या कडेवरच बसायचा. फोन वाजला की उभा राहायचा, मॅडमचा असेल म्हणून. त्यांच्या नावाची पाटी यार्डानं काढली, ती त्यानं फेकू दिली नाही. टाइप तो अजून पेन्सिलीच्या मागच्या टोकानंच करतो. नियाजला खरं कळलं तेव्हा त्यानं त्याला वळणावर नेऊन खडसावलं होतं, की काळू, जा आणि बोलून टाक, उद्या उद्या करशील तर एक दिवस नुसतं मातीशी बोलावं लागेल. काळूराम म्हणाला, सोमवारी जातो. दर आठवड्याला तो सोमवारीच जाणार असतो.

मॅडमना तळोज्याला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. कुणाच्या तरी हाताखाली. संध्याकाळी ती कंपनीची बस त्यांना नवीन पनवेलच्या सिग्नलला सोडते. हातात तीच निळी छत्री. बघणारे सांगतात, वाळल्यात जरा.

मी थांबलो. समोरच्या फ्लेक्सवाल्यानं दोरीची शेवटची गाठ मारली आणि शिडी काढून घेतली. कमळाबाईंनी स्टोव्ह बारीक केला. मिथुनचा चहा कधीच निवला होता.

"मग, काका? त्यानं सांगितलं की नाही त्यांना?"

मी पलीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सुचलं नसतं.

"सांगितलं तर," मी म्हणालो. "एका रविवारी सगळं कुटुंब घेऊन गेला. आई, मोनाली, भावेश. भावेशनं जिन्यातून मावणार नाही एवढा फ्लेक्स नेला होता, वर 'मॅडम, माफ करा', आणि खाली सगळ्यांचे कान धरलेले फोटो. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी गॅलरीतून दोर सोडून तो ओढून घेतला. काळूरामनं दारातच सगळं सांगून टाकलं. मॅडम हसायला लागल्या त्या थांबेचनात. हसता हसता म्हणाल्या, अहो भोईर, एवढंच होतं तर त्याच दिवशी बोलायचं नाही का? मग पोहे केले सगळ्यांना. तिथूनच अविनाश साहेबांना फोन लावला, साहेब पण हसले. आता मॅडम बेलापूरला मुख्य ऑफिसात आहेत, काळूरामच्या वरच्या खुर्चीवर. दर महिन्याला यार्डात येतात, छत्री घेऊन. ट्रकवाले परत शिव्या गिळायला लागलेत."

मिथुनला ते पटलं. बरं वाटलं त्याला, चेहऱ्यावर दिसत होतं. मगर न पटणारी माणसं पोह्यांवर लगेच विश्वास ठेवतात. मी नियाजकडे बघितलं. फ्लेक्सची लांबी-रुंदी काढणारा नियाज या वेळी रिकाम्या ग्लासात चमचा फिरवत राहिला. कमळाबाईंनीही मान वर केली नाही.

गाडीला टेकलेले साहेब पुढे आले. कप त्यांनी टपरीच्या फळीवर ठेवला, हळू, आवाज न करता. खिशातली पेन्सिल उगाच चाचपली.

"खोटं हाय ते, बळीरामकाका," काळूराम म्हणाला. "मी गेलोच नाय अजून. आज पन सुकापूरवरनंच आलो."